गाड्या गेल्या, आता माणसं कशी थांबतील?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बंद पडलेल्या गाडी-विक्रीच्या जागांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पुढे काचेचं शोरूम, मागे वर्कशॉप आणि बाकी सगळं डांबर अशा जागा, आणि तिथे आजूबाजूच्या वस्तीसाठी दुकानं, रेस्टॉरंट्स कशी आणता येतील याबद्दल. पत्रं खूप आली, जागा घेणाऱ्यांची, शेजाऱ्यांची, तिथे धंदा करू बघणाऱ्यांची. त्यातली सहा इथे घेतलीयत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण लोक तिथेच सगळ्यात जास्त अडकतात.

प्रश्न: मॅडम, आम्ही तिघं पार्टनर मिळून एक जागा घेतोय, साधारण दोन एकर. आधी तिथे गाड्या विकायचे आणि मागे सर्व्हिसिंग चालायचं. विकणारे म्हणतात फक्त गाड्याच उभ्या असायच्या, जमिनीला काय होणारे, माती तपासण्यावर पैसे घालवू नका. आम्हाला छोटी दुकानं आणि चार-पाच रेस्टॉरंट्स करायचीयत. तपासणी खरंच लागते का?

उत्तर: लागते, आणि सही करायच्या आधी लागते.

नुसत्या गाड्या उभ्या राहून जमिनीचं फारसं बिघडत नाही हे खरं, पण मागे सर्व्हिसिंग चालायचं हे तुम्हीच लिहिलंय, आणि तिथेच सगळं बदलतं. वर्कशॉप म्हटलं की काढलेलं इंजिन ऑइल साठवायची टाकी आली, ती बऱ्याचदा जमिनीखाली, पार्ट धुवायचं सॉल्व्हंट आलं, बॅटऱ्या आल्या, रंगकाम आलं, फरशीतली गटारं आली जी पुढे कुठे जाऊन मिळतात हे आता कोणालाच आठवत नाही, आणि काही ठिकाणी आवारातच स्वतःचा पेट्रोलपंप असायचा. शिवाय गाड्यांच्या आधी तिथे काय होतं तेही बघावं लागतं.

मी एकदा अशाच एका बंद वर्कशॉपमध्ये गेले होते. फरशी एकदम स्वच्छ, वर नवाकोरा राखाडी रंग. संध्याकाळी शटरमधून ऊन तिरपं आत आलं तेव्हा त्या रंगाखाली दोन गोल दिसले, ताटाएवढे, आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा जरा जास्तच गुळगुळीत, आणि थोडं पुढे गेलं की तसेच अजून दोन. जमिनीत बसवलेल्या हायड्रॉलिक लिफ्टची ती तोंडं होती, वरचा भाग कापून काँक्रीट भरून टाकलेलं, खालचे सिलिंडर आणि त्यातलं तेल मात्र तिथेच. मालक खोटं बोलत नव्हता, त्याने जागा घेतली तेव्हाही ते तसंच होतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अशा जुन्या लिफ्टच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात, अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, त्याच्या आधीची लिफ्ट असेल तर तेलाची वेगळी तपासणी करून घ्यायची.

जमिनीखाली काय चालतं ते नीट कळलं की तपासणीचे पैसे जड वाटत नाहीत. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते झिरपत भूजलापर्यंत गेलं की त्याच्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर पसरतं. ग्रीस काढायला वापरायची जुनी क्लोरीनवाली सॉल्व्हंट्स, टीसीई, पीसीई वगैरे, ही पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ती खाली खाली जात राहतात, पाण्याच्या थराच्याही खाली, आणि एखाद्या चिकणमातीच्या थरावर जाऊन वर्षानुवर्षं बसतात. दोन्हींची वाफ मात्र वर येते, फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या बाजूच्या फटींतून, आणि तुम्ही वर बांधलेल्या बंद एसी दुकानात साठते. वर्कशॉपची शटरं दिवसभर उघडी असायची म्हणून तिथे ते कोणाला जाणवलं नसेल, पण तुमच्याकडे माणसं दहा-दहा तास आत बसून काम करणार आहेत.

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात कुठेच खोदत नाहीत, फक्त जागेचा इतिहास वाचतात, जुने नकाशे, विमानातून घेतलेले फोटो, परवाने, टाक्यांच्या नोंदी, आणि जागा पायी फिरून बघतात. त्यात शंका आली तर दुसरा टप्पा, बोअर मारून माती, पाणी आणि मातीतली हवा, तिन्हींचे नमुने लॅबला. मातीतली हवा म्हटलं की काही जण खर्च वाचवायला ती गाळतात, तुम्ही गाळू नका, रेस्टॉरंट आणि दुकानांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची.

आणि कायद्याचं. तुमच्याकडचा नियम तुमच्या वकिलाला विचारा, पण एक उदाहरण देते म्हणजे आधी-नंतरचा फरक कळेल. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने, म्हणजे दूषित जागांच्या सफाईच्या कायद्याने, जागेच्या आत्ताच्या मालकालाही जबाबदार धरता येतं, घाण त्याने केलेली नसली तरी. २००२ च्या दुरुस्तीने खरेदीदाराला संरक्षण दिलं, पण कोणाला, तर ज्याने विकत घेण्याआधी रीतसर चौकशी केली त्याला. खरेदीनंतर दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी तिथे उपयोगाची नाही.

जागा सोडून द्या असं अजिबात म्हणत नाहीये. बऱ्याच वेळा घाण एका कोपऱ्यात असते, टाकीच्या आसपास, तिथली माती काढून नेता येते. जिथे काढता येत नाही तिथे वर पार्किंग ठेवायचं आणि इमारत दुसरीकडे सरकवायची, आणि इमारत तिथेच हवी असेल तर फरशीखाली वाफ अडवणारा जाड पडदा, त्याच्याखाली खडी, खडीत भोकाचे पाइप आणि ती हवा छतावर नेऊन सोडणारा छोटा पंखा. नवीन फरशी टाकताना हे केलं तर खर्च आटोक्यात राहतो, दुकानं चालू झाल्यावर फरशी फोडून करायचं म्हटलं तर भाडेकरूही जातो आणि पैसाही. म्हणून रिपोर्ट हातात घेऊन भाव करा, आणि आर्किटेक्टला पहिली रेघ ओढायच्या आधी तो रिपोर्ट वाचायला द्या.

प्रश्न: ताई, आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच ती जागा आहे. गाड्यांचं दुकान होतं तेव्हा रात्री दिवे सोडले तर काही त्रास नव्हता, सात वाजता सगळं बंद. आता रेस्टॉरंट्स येणार म्हणे. आम्ही विरोध करावा का?

उत्तर: सरसकट विरोध करू नका, अटी घाला, आणि प्लॅन मंजूर व्हायच्या आधी घाला, कारण नंतर तुमच्या हातात फक्त तक्रार करणं उरतं. सगळ्यात आधी नकाशा मागा आणि त्यावर तीन गोष्टी शोधा, कचऱ्याची जागा, माल उतरवायची जागा आणि किचनच्या एक्झॉस्टचं तोंड. डिझाइन करणारा रस्त्याकडून विचार करतो, त्याला जे लपवायचंय ते तो मागे ढकलतो, आणि त्याचं मागे म्हणजे तुमचं बेडरूम. बाटल्यांचा डबा रात्री साडेअकराला रिकामा होतो तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

कचरा बंद खोलीत, छप्पर असलेल्या, तुमच्या भिंतीपासून लांब, आणि उचलायची वेळ सकाळी सातच्या आधी नाही. एक्झॉस्ट भिंतीतून आडवा बाहेर काढलेला चालवून घेऊ नका, तो छताच्या वर उंच न्यायला लावा आणि तळणं-भाजणं जास्त असेल तर तेलाचे कण पकडणारा फिल्टर आणि वासासाठी कार्बनचा फिल्टर, दोन्ही. पंख्यांच्या आणि एसीच्या आवाजाची रात्रीची मर्यादा कागदावर आकड्यात लिहून घ्या. दिव्यांच्या बाबतीत तुमचं उलट भलंच होईल असं मला वाटतं, गाड्या चमकाव्यात म्हणून लावलेले ते उंच खांब जाऊन माणसाच्या चालण्यापुरते कमी उंचीचे, खाली तोंड केलेले दिवे येऊ शकतात, फक्त ते मागायला हवेत. आणि अजून एक गोष्ट मागा, त्या भिंतीतून एक पायवाट, छोटं गेट. आत्ता नको वाटेल, पण नाहीतर तुमच्या मागेच असलेल्या दुकानात जायला तुम्हाला अख्खा वळसा घालून मेन रोडने जावं लागेल.

प्रश्न: जुनं शोरूम पाडायचं की ठेवायचं? आमचे इंजिनिअर म्हणतात पाडा, नवीन बांधणं सोपं.

उत्तर: ठेवता येत असेल तर ठेवा असं माझं मत. उंच छत, मध्ये खांब जवळजवळ नाहीत, रस्त्याकडून पूर्ण काच, आणि गाड्यांचं वजन झेलणारी फरशी, रेस्टॉरंटला यापेक्षा चांगला सांगाडा कुठे मिळणार. वर्कशॉपची शटरं काढून तिथे काचेचे फोल्डिंग दरवाजे बसवले की गाडी दुरुस्तीचा एकेक बे, म्हणजे कप्पा, एकेक छोटं दुकान होतो, आणि छोटी दुकानंच वस्तीला हवी असतात. लंडनमध्ये फुलहॅम रोडवर मिशेलिन टायर कंपनीची १९११ ची इमारत आहे, तळमजल्यावर गाड्यांना टायर बसवून द्यायचे, तिथे १९८७ मध्ये दुकान आणि रेस्टॉरंट सुरू झालं आणि टायरवाली ती चित्रं, त्या रंगीत काचा लोक मुद्दाम बघायला जातात. अमेरिकेत सिॲटलमध्ये पाइक-पाइन भागात एकेकाळी गाड्यांची दुकानं आणि गॅरेजेस ओळीने होती, त्यातल्याच जुन्या इमारतींत २०१० मध्ये मेलरोज मार्केट उघडलं, एकाच छपराखाली छोटे छोटे दुकानदार.

पण तुमच्या इंजिनिअरचंही ऐका. काच एकेरी असेल तर उन्हाळ्यात आत भट्टी होते, जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि छतावर किचनचे पंखे आणि एसीची युनिट्स ठेवायची म्हणजे ते वजन जुनं छत पेलेल का याचं गणित त्यांनाच करावं लागणार. पेलत नसेल तर मागे वेगळा लोखंडी सांगाडा उभा करून मशीन त्यावर ठेवता येतात, अख्खी इमारत पाडायची गरज नसते.

प्रश्न: आमच्या व्यापारी मंडळात सगळ्यांचं एकच म्हणणं, पार्किंग नाही तर गिऱ्हाईक नाही. जागेचं जवळजवळ सगळंच डांबर आहे तर ते तसंच ठेवून कडेला दुकानं बांधू असं चाललंय. बरोबर आहे का?

उत्तर: माझ्या मते नाही, आणि हे मी तळमळीने सांगतेय कारण चांगल्या चांगल्या जागा यातच वाया गेलेल्या बघितल्यात.

आधी हिशोब करू. एक गाडी उभी करायला, आत-बाहेर करायचा रस्ता धरून, साधारण ३०० चौरस फूट जागा जाते. रेस्टॉरंटला दर १०० चौरस फुटांमागे एक गाडी असा नियम कित्येक शहरांच्या पुस्तकात होता किंवा आहे. म्हणजे ३,००० चौरस फुटांचं रेस्टॉरंट घेतलं तर ३० गाड्या, म्हणजे ९,००० चौरस फूट डांबर, माणसांच्या तिप्पट जागा गाड्यांना. तशी चार रेस्टॉरंट्स केलीत तर ३६,००० चौरस फूट, एकराला थोडंच कमी, आणि त्यातलं बरंचसं सकाळी रिकामं, दुपारी रिकामं. हा आकडा कुठून आला असं विचारलं तर शेजारच्या शहराच्या पुस्तकातून उचललेला असतो, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी अख्खी कारकीर्द हेच दाखवण्यात घालवली. अमेरिकेतल्याच बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्तीच काढली, आणि कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत ती बहुतेक बांधकामांना लावता येत नाही. म्हणजे पार्किंग ठेवायचं नाही असं नाही, किती ठेवायचं ते मालकाने बघून ठरवायचं.

मग बघा. बँक किंवा दवाखाना दिवसा चालतो, रेस्टॉरंट संध्याकाळी, जिम पहाटे. तीच जागा तिघांना वापरू द्या, करारात तसं लिहा, कोणाच्याही नावाची पाटी लावलेली जागा ठेवू नका. सायकली लावायची जागा दाराजवळ, लांब कोपऱ्यात नको. आणि इमारत रस्त्याकडे आणा, पार्किंग मागे किंवा बाजूला. हे मात्र मी ताणून धरीन. कारण फुटपाथवरून येणाऱ्या माणसाला आधी डांबराचं मैदान ओलांडायला लावलंत तर तो दुसऱ्यांदा चालत येत नाही, उन्हाळ्यात भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, हातात पिशव्या घेतलेली एखादी वयस्कर बाई तिथून मागे फिरणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत जाते तेव्हा ती कशी थांबून थांबून मान वळवून बघते ते एकदा उभं राहून बघा. गाड्या विकायच्या जागेला रस्त्यावरून आत यायचे तीन-चार रस्तेही असतात, कारण ट्रक आत यायचे, त्यातला एक ठेवा फार तर दोन, बाकीचे बंद करून फुटपाथ सलग करा.

पाण्याचंही इथेच सांगते. एक एकर डांबरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण १ लाख लिटर पाणी होतं, आणि ते सगळं तेलकट थर घेऊन एकदम गटारात जातं. डांबर फोडायचंच आहे तर मध्ये मध्ये खोलगट वाफे करून पाणी त्यात वळवा, झाडं लावा. मात्र झाडासाठी फरशीत दोन फुटांचा चौकोन सोडून भागत नाही, मोठं व्हायचं झाड असेल तर त्याला २५ ते ३० घनमीटर भुसभुशीत माती लागते, आणि गाड्यांखाली दबलेली माती विटेसारखी झालेली असते, ती खोल उकरावीच लागेल. फक्त वर पहिल्या उत्तरात सांगितलं ते लक्षात ठेवा, जिथे माती दूषित आहे तिथे पाणी मुरवायचं नाही, नाहीतर ती घाण तुम्ही स्वतःच भूजलात ढकलाल.

प्रश्न: मॅडम, मला अशाच एका नव्या सेंटरमध्ये छोटं रेस्टॉरंट टाकायचंय, पहिलंच आहे. जागा सुंदर आहे, भाडं परवडेल असं वाटतंय. सही करण्याआधी काय विचारू?

उत्तर: आधी हे विचारा की पाणी, ड्रेनेज, वीज आणि गॅस किती क्षमतेचा आहे आणि वाढवून कोण देणार. हे का, तर गाड्यांच्या शोरूमला एक टॉयलेट आणि एक वॉश बेसिन एवढंच लागायचं, त्यामुळे रस्त्यापासून आत आलेली लाइन बारीक असते, आणि एका जागी पाच किचन आली की ती पुरत नाही. मालक म्हणतो आहे ना कनेक्शन, आणि आहेच, खोटं नाही, पण ते किचनचं नाही. लाइन वाढवायला रस्ता खोदावा लागला तर तेवढे महिने तुम्ही भाडं भरत बसणार का, ते करारात आलं पाहिजे. भाडं ताबा मिळाल्या तारखेपासून नको, परवाना आणि कनेक्शन मिळाल्यापासून सुरू व्हावं असं मागा.

ग्रीस ट्रॅप, म्हणजे किचनच्या सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी, कोणाचा, तुमचा एकटीचा की सगळ्यांचा मिळून? मिळून असेल तर साफसफाईचा खर्च कसा वाटणार? ट्रॅप एक चतुर्थांश भरला की रिकामा करायचा असतो, आणि तळण जास्त करणाऱ्या शेजाऱ्यामुळे तो लवकर भरला तर तुम्ही का भरायचे. एक्झॉस्ट डक्ट छतापर्यंत न्यायला वाट ठेवलीय का हेही बघा, वर दुसऱ्याचा मजला असेल तर वाट नसते आणि मग तुमचा मेन्यू डक्टवाला ठरवतो.

भाड्याशिवाय कॉमन एरियाचा खर्च येतो, सफाई, दिवे, सिक्युरिटी, विमा, टॅक्स. तो वर्षाला किती टक्के वाढू शकतो त्याला वरची मर्यादा घालून घ्या. काही मालक विक्रीचा हिस्सा मागतात, म्हणजे ठराविक विक्रीच्या वर गेलात की त्यातले काही टक्के, ते वाईट नाही, तुमचं चाललं तर त्याचंही चालतं, उलट त्या बदल्यात मूळ भाडं कमी करून घेता येतं. फक्त सगळं मिळून, म्हणजे भाडं अधिक हे खर्च, तुमच्या अंदाजी विक्रीच्या १० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर थांबा आणि परत हिशोब करा, आणि तो हिशोब भरलेल्या शनिवारचा नको, रिकाम्या मंगळवारचा करा.

मालकांनाही जाताजाता सांगते. सगळी जागा मोठ्या चेनना देऊ नका. बँकेला त्या आवडतात कारण भाडं पक्कं, पण वस्तीतली बाई जिच्या हाताला चव आहे तिला ६००-८०० चौरस फुटांची जागा देणारं कोणीतरी पाहिजे, आणि लोक त्या सेंटरला परत परत कशासाठी येतात हे दोन वर्षांनी बघा.

प्रश्न: परवानग्यांना अजून वर्ष जाईल. तोवर जागा पत्रे लावून बंद ठेवायची का?

उत्तर: नका ठेवू बंद, माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये माणसं वर वावरायला हरकत नाही असं आलं असेल तर. फूड ट्रक बोलवा, आठवडी बाजाराला द्या, मुलांना सायकल शिकू द्या, डांबर आहेच. विम्याचं आणि तात्पुरत्या परवान्याचं बघा, रात्री गेट लावा, बास.

आणि खुर्च्या ठेवा, हलवता येणाऱ्या, जमिनीत ठोकलेल्या नकोत. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांचं कॅमेरा लावून निरीक्षण केलं, काही चौक भरलेले आणि काही ओस का असतात ते बघायला, तर सगळ्यात मोठं कारण निघालं बसायला जागा आहे की नाही. त्याने अजून एक टिपलं, माणूस हलणाऱ्या खुर्चीवर बसायच्या आधी ती वीतभर का होईना सरकवतो, कधी उन्हात, कधी सावलीत, कधी काहीच कारण नसताना.

तुम्ही वीस-पंचवीस खुर्च्या सकाळी ओळीत मांडा आणि रात्री गेट लावायच्या आधी त्या कुठे कुठे गेल्यात त्याचा फोटो काढा, रोज, महिनाभर. कुठे घोळका झालाय, कुठली कधीच हलली नाही, कुठल्या भिंतीच्या सावलीला तीन ओढून नेल्यात. ते तीस फोटो तुमच्या आर्किटेक्टच्या टेबलावर ठेवा.